रोपं मोजणारे पुष्कळ, गवत बघणारं कोण? वनपुनरुज्जीवनाचा निधी आणि सल्लागार मंडळाचा प्रश्न

आजचा विषय जरा कोरडा वाटेल. पैसे, समित्या, नियम. जंगलावर व्याख्यान म्हटलं की लोकांना वाघ हवा असतो, आज वाघ नाही. पण जंगलाचं काय होतं हे जंगलात जितकं ठरतं तितकंच एका टेबलावर ठरतं, आणि आज आपण त्या टेबलाकडेच बघणार आहोत.

गेल्या काही वर्षांत एक सूचना वारंवार कानावर येते. वनपुनरुज्जीवनासाठी एवढा निधी जातो, तो नीट खर्च होत नाही, तेव्हा प्रस्ताव तपासायला तज्ज्ञांचं एक सल्लागार मंडळ नेमा. सूचना चांगली आहे. आम्ही तिच्या बाजूचेच आहोत. पण ज्या रूपात ती मांडली जाते, त्या रूपात अमलात आली तर बहुधा काहीही बदलणार नाही, उलट चुकीच्या कामावर तज्ज्ञांचा शिक्का बसेल, असं आम्हाला वाटतं.

आधी पैशाची गोष्ट. थोडक्यात सांगतो, कारण अनेकांना ती ठाऊक असेल. खाणीसाठी, धरणासाठी, रस्त्यासाठी वनजमीन दिली जाते तेव्हा घेणाऱ्याकडून दोन मुख्य प्रकारचे पैसे वसूल होतात. एक, दुसरीकडे झाडं लावण्याचा खर्च, म्हणजे पर्यायी वनीकरण. दुसरा, गेलेल्या जंगलाचं निव्वळ वर्तमान मूल्य, ज्याला सगळे एनपीव्ही म्हणतात. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आलं की पैसे वसूल होतात, पण झाडं लागत नाहीत. म्हणून २००२ मध्ये स्वतंत्र निधीचा आदेश झाला. २००४ मध्ये कॅम्पाची अधिसूचना निघाली, ती कागदावर राहिली. २००६ पासून तात्पुरती व्यवस्था आली आणि पैसे साचत गेले. २०१६ मध्ये कायदा झाला, २०१८ मध्ये नियम. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने ४७ हजार कोटींहून जास्त रक्कम २७ राज्यांकडे वळती केली. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले ३,८०० कोटींहून अधिक आले. ओडिशाला सर्वात जास्त, ५,९०० कोटींच्या पुढे.

हा पैसा अनुदानासारखा बोलला जातो, मंजूर होतो, वाटला जातो. पण तो दान नाही. कुणाचं तरी जंगल गेलं, त्याची ती किंमत आहे. एखाद्या गावाचं मोहाचं झाड गेलं, तेंदूची जागा गेली, ओढ्याचं पाणी आटलं, त्याचे हे पैसे. हे लक्षात ठेवलं तर पुढचा सगळा वाद वेगळा दिसतो.

आता कुठे बिघडतं ते बघू. लोकांना पटकन आठवतं ते उत्तराखंडचं प्रकरण. महालेखापरीक्षकांचा २०१९ ते २०२२ या काळाचा अहवाल २०२५ मध्ये विधानसभेत आला. त्यात या निधीतून आयफोन, लॅपटॉप, फ्रिज, इमारतींची डागडुजी असा सुमारे १३ कोटी ८६ लाखांचा खर्च निघाला. बातम्या झाल्या, लोक हसले, चिडले. चिडायलाच हवं. पण आमचं म्हणणं असं की आयफोनची चोरी ही सोपी चोरी आहे. तिला हिशेबनीस पुरतो. सल्लागार मंडळाची गरज तिथे नाहीच.

अवघड गोष्ट वेगळी आहे. पैसा प्रामाणिकपणे खर्च झाला, खड्डे मोजून खोदले, रोपं मोजून लावली, जिवंत टक्केवारीही बरी निघाली, आणि तरीही नुकसान झालं. याचं काय?

महालेखापरीक्षकांचाच २०१३ चा देशभराचा अहवाल घ्या. २००६ ते २०१२ या काळात वनजमिनीच्या बदल्यात जी वनेतर जमीन मिळायला हवी होती ती १ लाख ३ हजार हेक्टरांहून थोडी जास्त. मिळाली २८ हजारांच्या आसपास, म्हणजे २७ टक्के. आणि त्यावर प्रत्यक्ष वनीकरण झालं सुमारे ७,२८० हेक्टरांवर, म्हणजे मिळायला हव्या होत्या त्या जमिनीच्या ७ टक्के. हा आकडा भाषणांत फार वापरला जातो. पण त्यातून एक चुकीचा धडाही घेतला गेला. धडा असा घेतला की जमीन शोधा, कुठलीही शोधा, आणि झाडं लावा. मग जमीन कुठे सापडते? जिथे झाडं नाहीत तिथे. आणि झाडं नाहीत ती जागा आपल्या सरकारी दप्तरात काय म्हणून लिहिलेली असते? पडीक.

इथे थोडं थांबू, कारण सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे.

दख्खनच्या पठारावर, सोलापूर, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे, साताऱ्याच्या माण-खटावकडे जे माळ आहेत ते उजाड झालेलं जंगल नाहीत. निदान सगळे नाहीत. ते माळ म्हणूनच जुने आहेत. तिथे पवना, मारवेल, शेडा, कुसळी ही गवतं आहेत, मधूनच एखादी बोर, हिवर, खैर. लांडगा आहे, खोकड आहे, धाविक आहे. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. तो पक्षी उघड्या माळाचा. त्याला लांबवर दिसलं पाहिजे. त्याच्या माळावर तुम्ही गिरिपुष्प लावलं, सुबाभूळ लावली, तर तुमच्या वहीत हिरवळ वाढली आणि त्याचं घर गेलं. माळढोक दिसेनासा होण्याची कारणं अनेक आहेत, सगळं झाडांवर ढकलणं बरोबर नाही. पण झाड लावलं म्हणजे निसर्गाचं भलंच झालं, हे समीकरण तिथे कोसळतं एवढं खरं.

आणि माणसांचं? धनगरांची मेंढरं दिवाळीनंतर ज्या वाटांनी कोकणाकडे किंवा दुसरीकडे जातात आणि पावसाळ्यात परततात, त्या वाटा याच माळांवरून जातात. माळाला चर खोदला, कुंपण घातलं, पाटी लावली की तीन-पाच वर्षं चराई बंद. पाटीवर लिहिलेलं असतं किती हेक्टर, किती रोपं, किती खर्च. कुणाची वाट बंद झाली ते पाटीवर लिहायची पद्धत नाही.

एक परराज्यातला अभ्यास सांगण्यासारखा आहे. हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यात काही दशकांच्या वृक्षारोपणाचा हिशेब संशोधकांनी मांडला, २०२१ मध्ये तो नेचर सस्टेनेबिलिटी या नियतकालिकात आला. निष्कर्ष असा की एवढ्या वर्षांच्या लागवडीने वृक्षाच्छादनात लक्षात येईल अशी वाढ झाली नाही. उलट लोकांना चारा-सरपणासाठी उपयोगी असलेल्या रुंदपर्णी झाडांचं प्रमाण घटत गेलं. भ्रष्टाचाराचा मुद्दाच नाही त्यात. लोकांनी काम केलं, ते चुकीच्या जागी, चुकीच्या जातींचं.

आपल्याकडे २०१६ पासून २ कोटी, मग ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांची मोहीम झाली. नंतर २०२१ मध्ये त्या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्यात आली. वाद झाला तो रोपं खरंच लावली का, किती जगली, पैसा कुठे गेला यावर. दोन्ही बाजू रोपंच मोजत होत्या! ही जागा झाडाची होती का, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही.

तेव्हा सल्लागार मंडळ हवं ते हा प्रश्न विचारायला. पण तुम्ही म्हणाल, कायद्यात समित्या आहेतच की. आहेत. २०१६ च्या कायद्याप्रमाणे राज्य प्राधिकरणाच्या नियामक मंडळावर मुख्यमंत्री अध्यक्ष, सुकाणू समितीवर मुख्य सचिव, कार्यकारी समितीवर प्रधान मुख्य वनसंरक्षक. वार्षिक कृती आराखडा कार्यकारी समिती तयार करते, तो वर जातो आणि राष्ट्रीय प्राधिकरणाकडून मंजूर होऊन येतो. केंद्रात देखरेखीसाठी एक वेगळा गटही कायद्याने सांगितला आहे. म्हणजे पायऱ्या कमी नाहीत. अडचण अशी की पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा बहुतेक एकाच घरातले. आणि मुख्य सचिवांच्या बैठकीत शेकडो कामांचा आराखडा आला की ते एकेका माळाचं काय बघणार? बेरीज बघतात. त्यांच्या जागी आपण असतो तरी बेरीजच बघितली असती.

गंमत म्हणजे १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्रात एक वन सल्लागार समिती आहे. वनजमीन द्यावी की नाही यावर ती सल्ला देते. तिच्याबद्दल आमच्या अनेक तक्रारी आहेत, त्या आज बाजूला ठेवू. पण जंगल देताना एकेक प्रस्ताव उघडून वाचणारं कुणीतरी आहे. जंगल परत आणताना तसं कुणी नाही.

मग मंडळ कसं असावं? याआधीच्या दोन मंडळांकडे बघितलं तर बरंच कळतं.

पहिलं, कांचन चोप्रा यांचं. एनपीव्ही कशी ठरवायची हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर ही तीन सदस्यांची समिती झाली आणि २००६ मध्ये तिने अहवाल दिला. त्या समितीचा आग्रह असा की जंगलाचं मूल्य जागेगणिक काढावं, त्यात लाकूड, गौण वनोपज, पाणी, कार्बन सगळं यावं, आणि भरपाईत स्थानिक लोकांचा वाटा असावा. पुढे केंद्रीय उच्चाधिकार समितीने तो अहवाल आपल्या चाळणीतून काढला, आणि २००८ मध्ये न्यायालयाने जे दर मान्य केले ते वनप्रकार आणि घनता यांच्या तक्त्याचे, हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार. २०२२ मध्ये ते वाढवले, साधारण साडेनऊ ते सोळा लाखांच्या दरम्यान. तक्ता वापरायला सोपा, हे मान्य. पण जागा हरवली, आणि जागेवरची माणसंही.

दुसरं, पश्चिम घाटाचं. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. तो लोकांपुढे आला मे २०१२ मध्ये, तोही केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर, दिल्ली उच्च न्यायालयात मंत्रालयाची हरकत टिकली नाही म्हणून. मग कस्तुरीरंगन यांचा दुसरा गट आला, त्याचा अहवाल २०१३ चा. गाडगीळ अहवालावर मतं काहीही असोत. ज्या गावांबद्दल तो होता त्या गावांना तो मूळ इंग्रजीत आणि अफवेतून कळला. कोकणात लोक विचारत होते की आता गोठा बांधायलासुद्धा परवानगी लागणार का? अहवालात तसं काही आहे का, हे बघायला त्यांच्या हाती कागदच नव्हता.

यातून आम्ही काढतो ते असं. मंडळाचा सल्ला बंधनकारक असावा की नसावा, यावर लोक तासन् तास भांडतात. आमच्या मते तो कायद्याने बंधनकारक करता येणं कठीण आहे, आणि त्याची तेवढी गरजही नाही. गरज आहे ती सल्ला ज्या दिवशी दिला त्याच आठवड्यात, प्रस्तावासकट, मराठीत, गावाच्या नावासकट जाहीर होण्याची. आणि सल्ला डावलला तर डावलणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लिहून सही करण्याची. सही करायची म्हटली की माणूस दोनदा वाचतो. सरकारी नोकरीत असलेले श्रोते मान डोलावतायत, दिसतंय.

सदस्य किती, कोण? मोठं मंडळ म्हणजे उद्घाटनाचा फोटो. सात-आठ पुरेत. पण त्यात गवत ओळखणारा वनस्पतिशास्त्रज्ञ हवा, नुसता झाडं ओळखणारा नको. माती आणि पाणी कळणारं कुणी. हिशेब वाचता येणारं कुणी. मेंढपाळांपैकी एक, आणि वनोपज गोळा करणाऱ्या बायांपैकी एक-दोन, ज्यांना बैठकीच्या दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च त्याच दिवशी हातात मिळेल. प्राध्यापकाचा दिवस पगारी असतो, तिचा बुडतो. एवढी साधी गोष्ट नियमात लिहिली नाही तर ती दुसऱ्या बैठकीला येत नाही, आणि मग लिहितात की स्थानिक प्रतिनिधी अनुपस्थित. रोपवाटिका चालवणारा, रोपं पुरवणारा, आराखडे लिहून देणारा सल्लागार, यांपैकी कुणी मंडळावर नको. पुढची दोन-तीन वर्षं त्यांनी या निधीतलं काम घेऊ नये, अशीही अट हवी. बैठक नागपूरच्या वनभवनात घ्यायची सवय आहे, ती मोडावी. गडचिरोलीचे प्रस्ताव गडचिरोलीत, आणि तिथे गोंडी-माडिया बोलणारा दुभाषा असावा.

आणि मंडळाने विचारायचा पहिला प्रश्न असा : इथे आधी काय होतं? जुने नकाशे, गावातली म्हातारी माणसं, उरलेल्या बुंध्यांचे फुटवे हे सांगतात. आपल्या कोरड्या पानगळीच्या जंगलात जमिनीखाली मुळं जिवंत असतात. पळस, धावडा, तेंदू, ऐन तोडले तरी फुटतात. अशा ठिकाणी दोन-चार वर्षं वणवा अडवला, चराईचं वेळापत्रक गावाने ठरवून पाळलं, घाणेरी उपटली, तर रोप न लावता जंगल परत येऊ शकतं. पण न लावलेल्या रोपाचं बिल निघत नाही. मजुरी राखणदारीवर जाते, ती खात्याच्या तक्त्यात नीट बसत नाही, उद्घाटनही होत नाही. मंडळाचा खरा उपयोग इथे. त्याने म्हणावं की इथे रोपांना शून्य पैसे, राखणीला सगळे. किंवा, हा माळ आहे, इथे काही करू नका, वेडी बाभूळ तेवढी काढा.

आता आमचा सर्वात मोठा आक्षेप. २०१८ चे नियम म्हणतात की कामं ग्रामसभेशी किंवा वनव्यवस्थापन समितीशी विचारविनिमय करून, वनहक्क कायद्याशी सुसंगत अशी व्हावीत. त्या वाक्यात एक ‘किंवा’ आहे. त्या ‘किंवा’मधून हत्ती जाईल. ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी प्रौढ माणसं. संयुक्त वनव्यवस्थापनाची समिती खात्याच्या योजनेतून बनलेली, तिचा सचिव बहुधा खात्याचाच. ग्रामसभेने नाही म्हटलं तर समितीची सही घेऊन काम पुढे नेता येतं. आणि उद्या आपलं सल्लागार मंडळ आलं की म्हणता येईल, बघा, आदिवासी प्रतिनिधी मंडळावर आहेच, विचारविनिमय झाला.

हे होऊ देता कामा नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन हा गावाचा हक्क म्हणून लिहिला आहे. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर तो मिळाला, आणि २०११ मध्ये आपल्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही गावाने हातात घेतला. असं गाव या प्रक्रियेत सल्लागार नाही, मालकाच्या जागी आहे. त्याला मंडळावर एक खुर्ची देणं म्हणजे घरमालकाला सोसायटीच्या बैठकीचं निमंत्रण देऊन त्याच्याच घराची भिंत पाडायला परवानगी घेतल्यासारखं. म्हणून मंडळाच्या नियमात स्पष्ट लिहायला हवं की जिथे सामूहिक वनहक्क मान्य आहेत किंवा दावा प्रलंबित आहे, तिथे ग्रामसभेचा लेखी ठराव नसेल तर मंडळ प्रस्ताव हातातच घेणार नाही. आणि ग्रामसभेने स्वतः आराखडा पाठवला तर तो खात्यामार्फत न येता थेट यावा.

अशा बोलण्यावर एक प्रश्न हमखास येतो, तो आजही आधी पाठवलेल्या प्रश्नांत आहे : याने उशीर होणार नाही का? पावसाळा कुणासाठी थांबत नाही. बरोबर आहे. मृगाच्या आधी खड्डे झाले नाहीत तर वर्ष वाया जातं, आणि मंजुरी रेंगाळली की भर आषाढात घाईघाईने कामं उरकली जातात हे सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून मंडळाने सगळेच प्रस्ताव बघू नयेत. मोठ्या क्षेत्राचे, गवताळ जमिनीवरचे, वनहक्काचा वाद असलेले, आणि उरलेल्यांतले चिठ्ठी टाकून काढलेले काही. तेही दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, जेव्हा गवत वाळलेलं असलं तरी उभं असतं आणि जागेवर जाऊन बघता येतं. उन्हाळ्यात माळ बघायला गेलात तर तो तुम्हाला उजाडच दिसणार, आणि सगळी चूक तिथूनच सुरू होते.

दुसरा प्रश्न, मंडळाचा खर्च कुठून? याच निधीतून, व्यवस्थापनाच्या डोक्याखाली. आठ माणसांचा प्रवास, मजुरी, दुभाषा आणि भाषांतर यांना किती लागणार? एका मध्यम रोपवनाच्या कुंपणापेक्षा जास्त नाही. प्रश्न पैशाचा नाही. पहिल्यांदा मंडळ एखाद्या मोठ्या प्रस्तावावर नको असं लिहील, त्या दिवशी पुढे काय होतं ते बघायचं. त्याची मुदत तीन वर्षांची आणि मधे काढून टाकता येणार नाही अशी असेल तर ते दुसऱ्यांदाही लिहील. पुढच्या व्याख्यानात आपण एका जिल्ह्याचा कृती आराखडा पडद्यावर उघडून ओळीओळीने वाचणार आहोत, दुवा दोन दिवस आधी येईल. ज्यांच्याकडे आपल्या गावच्या रोपवनाच्या पाटीचा फोटो असेल त्यांनी जरूर पाठवावा.